तारा लावल्यावर हिरडी सरकली, बायकांच्या हिरड्या पातळ असतात म्हणून का? – माझा अनुभव (लांबलंय, सांभाळून घ्या)

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि अगदी माझीच केस वाटली. तारा लावून वर्ष होत आलं, खालच्या पुढच्या दोन दातांची हिरडी खाली सरकलीय, गार पाण्याने शिवशिवतं, डॉक्टर म्हणतात तुम्ही ब्रश जोरात घासता, आणि आता कुठेतरी वाचलंत की बायकांच्या हिरड्या पुरुषांपेक्षा पातळच असतात, मग हे होणारच होतं का? मी डॉक्टर नाही, भोगलेली पेशंट आहे, त्यामुळे माझं ऐकून तारा काढायला धावू नका. ब्रश मऊ घ्या वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडते.

वाचलंत ते सरासरी म्हणून खरंय. बेल्जियममध्ये २००९ साली १०० निरोगी हिरड्यांच्या लोकांवर एक अभ्यास झाला, त्यात साधारण एक तृतीयांश जणांच्या हिरड्या पातळ निघाल्या आणि त्यात बहुतेक बायका होत्या, निमुळत्या दातांच्या. जाड हिरडी आणि चौकोनी दातवाल्या गटात पुरुष जास्त. पण म्हणून "बाई आहे म्हणजे पातळ" असं कोणी ठरवून टाकलं तर अजिबात ऐकू नका, कारण जाड हिरड्यांच्या बायकाही असतात, पातळवाले पुरुषही असतात, आणि एकाच तोंडात दाढेजवळ जाड आणि खालच्या पुढच्या दातांना पातळ हे तर सर्रास. सरासरी तुमच्या तोंडात नसते हो, तुमची हिरडी असते, आणि ती मोजता येते.

कशी मोजतात तर हिरडीच्या कडेतून आत प्रोब घालतात, बारीक खुणा असलेली धातूची सळई असते ती. हिरडीतून तिची सावली दिसली तर पातळ, नाही दिसली तर जाड. ढोबळ हद्द १ मिलिमीटरची. दोन मिनिटांचं काम आहे आणि दुखत नाही. फक्त हिरड्या सुजलेल्या असताना मोजू नका, सूज असली की पातळ हिरडीही जाड वाटते, गरोदरपणात तर बऱ्याचदा, आधी क्लीनिंग करून सूज उतरू द्या.

आता माझं रडगाणं. मी आणि माझा भाऊ, दोघांनी एकाच क्लिनिकमध्ये तारा लावल्या (नाव विचारू नका, पुण्यातलंच आहे, एवढंच). प्लॅनही तोच, दात न काढता खालची रांग थोडी पुढे आणून जागा करायची. त्याचं मस्त झालं. माझी हिरडी सरकली. प्रत्येक व्हिजिटला मी दाखवायचे आणि प्रत्येक व्हिजिटला उत्तर एकच, "तुमच्या भावाला बघा, त्याला झालं का काही?" अहो पण त्याची हिरडी जाड, माझी पातळ, आणि हिरडी पातळ असली की बऱ्याचदा आतलं हाडही पातळ असतं, दात पुढे ढकलला की आधी ते हाड जातं आणि मग हिरडी. हे नंतर पेरिओवाल्या, म्हणजे हिरड्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी सांगितलं. आधीच्यांनी ना भावाची मोजली होती ना माझी.

तेही एकवेळ सोडलं असतं. खरा ताप रेकॉर्डने दिला. नव्या डॉक्टरांनी सुरुवातीचे फोटो आणि साचे मागितले, कारण हिरडी आधीपासून सरकलेली होती की तारांनंतर, आणि अजून सरकतेय का, हे त्यावरूनच कळणार. क्लिनिकमध्ये फोन केला तर रिसेप्शनला म्हणे सर आल्यावर विचारते, मग लॅपटॉप बदलला, मग जुनी पावती आणा, आणि शेवटी प्लास्टरचे साचे जागा अडवतात म्हणून टाकून दिले! पैसे पूर्ण घेतलेत ना, मग फोटो माझ्या तोंडाचे की तुमचे? तुलनेला काहीच नाही म्हणून नव्या डॉक्टरांना नव्याने फोटो काढून कित्येक महिने नुसतं बघत बसावं लागलं, तोवर मी माठातलं पाणीसुद्धा कोमट करून पीत होते.

त्यामुळे तुम्ही आजच सगळे फोटो, एक्सरे व्हॉट्सॲपवर मागून घ्या, साचे असतील तर त्यांचेही फोटो. गोडीत मागा, भांडण नंतर. मग पेरिओडॉन्टिस्टला वेगळं दाखवा, तारा लावणाऱ्यांच्याच ओळखीतला नको (हे माझं मत, पटलं तर घ्या). खर्चाची काळजी असेल तर धनकवडीचं भारती विद्यापीठ किंवा पिंपरीचं डी. वाय. पाटील, डेंटल कॉलेजमध्ये हिरड्यांचा वेगळा विभागच असतो, वेळ जातो पण नीट मोजतात.

जाता जाता, घरात कोणी मिश्री लावत असेल तर थांबवा. माझी मावशी "हिरड्या घट्ट होतात" म्हणून लावायची. तंबाखूच आहे ती, हिरड्यांची वाटच लावते.

आणि ग्राफ्ट (सरकलेल्या जागी दुसरीकडचा तुकडा लावायचं ऑपरेशन) सांगितलं तर घाबरू नका. सरकलेली हिरडी आपोआप वर येत नाही, कुठल्याही तेलाने नाही. ग्राफ्टसाठी तुकडा बहुधा टाळूतून घेतात, आणि मला हिरडीपेक्षा टाळूच जास्त दुखली, बरेच दिवस ताकभातावर काढले. बायकांची टाळूची त्वचाही सरासरीने पातळ असते म्हणतात, म्हणजे तुकडा पुरेसा जाड मिळेल की नाही हाही प्रश्न, तेव्हा ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी टाळूची जाडीही बघितली का हे तोंडावर विचारा.