गिअरबॉक्स 'बदलला', पण नंबर जुनाच!

प्रश्न : माझ्या सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स छत्रपती संभाजीनगरच्या एका गॅरेजनं बदलून दिला. बिल १ लाख ८५ हजार. दोन महिन्यांत पुन्हा झटके सुरू. इथल्या मिस्त्रीनं खालून पाहिलं तर सिरियल नंबर जुनाच! आधीचा फोटो व्हॉट्सॲपवर आहे; तो, आताचा फोटो आणि बिल सोबत जोडलं आहे. पोलिसांत जाऊ का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : पोलिसांची घाई नको. फसवणुकीत सुरुवातीपासूनची खोटी नियत दाखवावी लागते. ग्राहक आयोगात सदोष सेवा दाखवली तरी पुरते. आरटीओतही खेटे घालू नका. आरसीवर इंजिन आणि चासी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो.

तुमच्या फोटोत झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीची प्लेट आहे. '८एचपी४५' हे मॉडेल : आठ गिअर, आणि ४५ हा किती जोर पेलेल त्याचा वर्ग. हे त्या जातीच्या प्रत्येक डब्यावर सारखंच, त्यावरून काही सिद्ध होत नाही. सिरियल मात्र ज्याचा त्याचा. तो दोन्ही फोटोंत एकच आहे, म्हणजे कवच जुनंच.

पण फक्त कवच! समोरचे वकीलसाहेब म्हणणार, 'आतले क्लच, सील, व्हॉल्व्ह बॉडी नवी घातली.' इथं तुमचं बिल कामाला येतं. त्यावर 'गिअरबॉक्स असेंब्ली, १ नग', म्हणजे अख्खा डबा, असं आहे आणि लेबर वेगळी लावली आहे. ओव्हरहॉलचं, म्हणजे जुनाच डबा खोलून आतले भाग बदलल्याचं, बिल असं बनत नाही.

आता गाडी कुणाला खोलू देऊ नका, प्लेट वायर ब्रशनं घासू नका. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली आयोग तज्ज्ञाकडून तपासणी करवू शकतो. त्याआधी खोललेल्या डब्याला पुरावा म्हणून फारशी किंमत राहत नाही. ज्या मोबाइलवर फोटो आहे तो विकू नका, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे डिजिटल पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा.

एक गोष्ट खटकली. बिल तुमच्या दुकानाच्या जीएसटी नंबरवर का घेतलंत? 'व्यापारी वापर, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही' हा आक्षेप येणारच. गाडी घरच्या वापराची आहे हे शपथपत्रात स्पष्ट लिहा. दुकानानं त्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट (कराची वजावट) घेतलं असेल, तर ते तुमच्या वकिलापासून लपवू नका.

तक्रार बीडलाच करता येते, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं राहत्या जिल्ह्याची मुभा दिली आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. आधी स्पीड पोस्टानं पंधरा दिवसांची नोटीस द्या आणि तीत एवढंच विचारा : बसवलेली असेंब्ली कुणाकडून घेतली, तिची खरेदी पावती आणि सिरियल नंबर द्या.