जाळ्यात फुली नाही, मग कोळी ओळखायचा कसा?

प्रश्न : बागेतल्या गोल जाळ्यात पांढऱ्या धाग्यांची जाड फुली आहे आणि मधोमध कोळी बसलाय. हा सिग्नेचर स्पायडरच ना?

बहुधा तोच. शास्त्रीय नाव अर्जिओपी. या नागमोडी पट्ट्या सहीसारख्या दिसतात म्हणून ते टोपणनाव पडलं. पण नुसत्या फुलीवर विसंबू नका. काही जाती एकच उभी पट्टी विणतात, पिल्लं पुष्कळदा गोल चकती विणतात आणि एखाद्या दिवशी जाळं अगदी कोरंही असतं. त्यात सायक्लोसा नावाचा छोटा कोळीही जाळ्यात रेघ काढतो. त्याच्या रेघेत खाल्लेल्या किड्यांचा कचरा गुंफलेला असतो आणि त्यातच तो दडून बसतो.

प्रश्न : मग फुली नसेल तेव्हा काय बघायचं?

आधी बसायची ढब. डोकं खाली आणि पाय दोन-दोन जुळवलेले, इतके की लांबून चारच पाय वाटावेत. म्हणजे धाग्यांची फुली नसली तरी पायांची असतेच. मग डोकं-छातीचा भाग बघा, त्यावर चंदेरी लव चमकते. पोटावर बरेचदा पिवळे, पांढरे, काळे आडवे पट्टे असतात. काही जातींत मात्र पोटाच्या कडांना खाचा असतात, म्हणून पोटाच्या रंगरूपाला मी शेवटचा नंबर देतो. भिंग असेल तर डोळे मोजा : चार-चारच्या दोन ओळी, आणि मागच्या ओळीची टोकं ठळकपणे पुढे वळलेली.

इथवर प्रजाती, म्हणजे अर्जिओपी हा गट, कळते. नेमकी जात ठरवायला पूर्ण वाढलेल्या मादीचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. मोबाइलवरच्या धूसर फोटोवरून जातीचं नाव छातीठोकपणे सांगणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

प्रश्न : जाळ्याच्या कडेला एक इवलासा तपकिरी कोळी असतो. मधल्या कोळ्याचं पिल्लू?

नवरदेव असावा! मादी दोन सेंटिमीटरच्या आसपास भरते, नर जेमतेम अर्धा सेंटिमीटर. अर्जिओपी ऑरँशिया या जातीत तर मीलनात दुसरा स्पर्शपाद (नर वीर्य देण्यासाठी वापरतो त्या तोंडाजवळच्या दोन अवयवांपैकी एक) वापरताच नर जागीच मरतो, मादीने काही केलं नाही तरी.

प्रश्न : ही फुली असते कशासाठी?

पूर्वी वाटे, जाळं स्थिर राहावं म्हणून. तिचं ‘स्टॅबिलिमेंटम’ हे नाव त्यातूनच आलं. आता त्यावर वाद आहे. हे धागे अतिनील प्रकाश परावर्तित करतात, त्याला भुलून कीटक येतात असं काही अभ्यासक मानतात. पक्ष्यांनी जाळ्यात घुसू नये म्हणून ती खूण असते, असं इतर म्हणतात.

प्रश्न : चावतो का?

मुठीत दाबलात तर चावेल. एरवी तो जाळंच गदागदा हलवतो.