दशांश थांबला म्हणून नोकरी गेली का?

प्रश्न : ताई, सलाम. आम्ही मूळचे नगरकडचे, सासरे निवृत्त पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. आता टोरोंटोजवळ राहतो. मार्चमध्ये ह्यांची नोकरी गेली. प्रार्थनागटातल्या एक काकू म्हणाल्या, "घरात देवाची आज्ञा कुठे मोडली जातेय का बघा. दशांश देता ना वेळेवर?" दशांश म्हणजे उत्पन्नातला देवासाठी मंडळीला, म्हणजे चर्चला, द्यायचा वाटा. सासूबाई फोनवर सांगतात, कौटुंबिक प्रार्थना बंद पडली की आशीर्वाद जातो. हे सगळं ऐकून नववीतला मुलगा विचारतो, "म्हणजे देव फाइन मारतो?" त्याला काय सांगू?

उत्तर : सलाम. त्याला सांगा, "नाही रे." आणि मग त्याच्याबरोबर बसून शास्त्र उघडा, कारण नुसत्या "नाही"ने नववीतल्या मुलाचं समाधान होत नाही.

काकूंच्या मनात बहुधा बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा २८ वा अध्याय असावा. आज्ञा पाळशील तर शेतात, गोठ्यात, पिठाच्या परातीत आशीर्वाद, नाहीतर शाप. तो अध्याय आहेच, लपवू नका. पण तो वचनदत्त देशाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या अख्ख्या इस्राएल राष्ट्राला उद्देशून आहे. त्यावरून एकेका घरातल्या संकटाचं कारण शोधायला निघालं की आपण ईयोबाच्या, म्हणजे बायबलमधल्या त्या संकटात सापडलेल्या नीतिमान माणसाच्या, मित्रांच्या पंगतीला जाऊन बसतो. "तू काहीतरी पाप केलं असशील," असं ते त्याला पानोपान ऐकवत राहिले, आणि शेवटी देवाचा राग ओढवला तो त्या मित्रांवर. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही विचारलं होतं, पाप कोणाचं, ह्याचं की आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं.

दहा आज्ञांची सुरुवातही मुलाला दाखवा, निर्गम पुस्तकाचा २० वा अध्याय. पहिल्या आज्ञेच्या आधी देव म्हणतो, मी तुला मिसरातून, गुलामगिरीतून बाहेर आणलं. सुटका आधी झालीय, आज्ञा नंतर आल्यात. आज्ञा पाळून कुणी सुटका कमावलेली नाही.

मग आज्ञा पाळून मिळतं तरी काय? इथे मला रूथची गोष्ट फार जवळची वाटते. तुम्हा परदेशी राहणाऱ्यांना ती जास्तच कळेल. विधवा झालेली, मवाब देशातली सून, सासूबरोबर परक्या मुलखात आलेली, घरात दाणा नाही. ती जगते कशावर? लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आज्ञा आहे की शेताचे कोपरे कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. बवाज नावाच्या शेतमालकाने ती पाळली, म्हणून दोन बायकांची चूल पेटली. आज्ञा पाळली एकाने, आशीर्वाद पडला दुसरीच्या पदरात. आपल्या पुष्कळ प्रवचनांत हा भाग गळतो आणि "देवाला द्या, देव दुप्पट देईल" एवढंच उरतं. स्पष्ट सांगते, मला ही भाषा सावकारी वाटते.

आपल्याकडचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या, त्यांना केडगावच्या मुक्ती सदनात आसरा दिला. बायबलच्या भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आज्ञापालनात त्यांचं कुठे कमी पडलं, असं कोण म्हणेल? तरी १९२१ साली एकुलती एक मनोरमा त्यांच्या आधी गेली, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः. त्यांचं मराठी बायबल पूर्ण छापून निघालं १९२४ मध्ये. त्या मुलींच्या नाती-पणत्यांना विचारा आशीर्वाद कुणाला मिळाला ते.

सासूबाईंशी मात्र वाद घालू नका. कौटुंबिक प्रार्थना खरंच बंद पडली असेल तर सुरू करा, नोकरी परत यावी म्हणून नव्हे. शनिवारी सकाळी, म्हणजे तिकडे संध्याकाळ असेल तेव्हा, व्हिडिओ कॉलवर सासऱ्यांना वचन वाचायला सांगा. मुलाने एक ओवी वाचावी, मराठीत, अडखळत का होईना. नवऱ्याला त्या दिवशी नोकरीबद्दल काही विचारू नका. बिचाऱ्याला आठवडाभर कुणी दुसरं काही विचारतच नसेल.

आता दशांश. तो उत्पन्नाचा दहावा भाग. उत्पन्न थांबलं तर त्याचं ओझं मनावर घेऊन उधारीवर देण्याची गरज नाही. शिवाय अनुवाद १४ चा शेवट वाचा. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच साठवायचा आणि लेवी (मंदिराची सेवा करणारे), परके, अनाथ, विधवा यांनी तो पोटभर खायचा, अशी आज्ञा आहे. पाळकांना भेटून घरभाड्याची अडचण मोकळेपणाने सांगा. मंडळीत मदतनिधी असेल तर अर्ज करा. लाज वाटेल, मराठी माणसाला ती वाटतेच. काकूंनी पुन्हा दशांशाचा विषय काढलाच, तर त्यांना सांगा की मंडळीचा दशांश कुणापर्यंत पोचायला हवा ते अनुवाद १४ मध्ये लिहिलंय, आणि सध्या त्या यादीत आमचं घर बसतं.