बाय वेगळी, पुढे चाल वेगळी

प्रश्न : एफए कप या इंग्लंडच्या फुटबॉल स्पर्धेच्या पहिल्याच हंगामात ग्लासगोचा क्वीन्स पार्क हा क्लब एकही सामना न खेळता उपांत्य फेरीत पोहोचला. कुणी लिहितं त्याला बाय मिळाली, कुणी लिहितं वॉकओव्हर. दोन्ही एकच का? मराठीत दोन्हींना ‘पुढे चाल’ म्हणावं का?

एकच नाहीत, आणि दोन्हींना एक शब्द मुळीच वापरू नये. ‘बाय मिळाल्याने संघाला पुढे चाल’ हे वाक्य कबड्डीच्या बातम्यांत इतक्या वेळा वाचलंय की दिसलं की चीड येते.

बाय हा गणिताचा मामला. १८७१ साली कपसाठी १५ क्लबांनी नावं दिली. सात जोड्या लागल्या आणि हॅम्पस्टेड हीथन्स हा क्लब उरला. त्याच्यासमोर कुणी नेमलेलंच नव्हतं, म्हणून ती बाय. त्याच फेरीत वाँडरर्सची गाठ हॅरो चेकर्सशी होती आणि चेकर्सनी माघार घेतली. प्रतिस्पर्धी ठरला होता, पण मैदानात उतरला नाही. हा वॉकओव्हर, आणि ‘पुढे चाल’ म्हणायचं ते यालाच.

वॉकओव्हर शब्द आला घोड्यांच्या शर्यतीतून. बाकी सगळ्यांनी नावं मागे घेतली आणि एकच घोडा उरला, तरी बक्षीस घरबसल्या मिळत नसे. घोड्यावर खोगीर चढवायचं, जॉकीने वर बसायचं आणि रिकाम्या मैदानातून घोडा नुसता चालवत नेऊन विजयाचा खांब ओलांडायचा, तेव्हाच जीत नोंदली जाई. १७६९-७० मध्ये धावलेला, कधीच न हरलेला ‘एक्लिप्स’ घ्या. त्याच्या १८ विजयांपैकी अनेक असे चालत मिळवलेले आहेत, कारण त्याच्यासमोर घोडा उतरवायला कुणी तयार नसे.

आता आपला शब्द पाहा. पुढे चाल! धाव नाही, झेप नाही, चाल. ज्याने हा शब्द रुळवला त्याच्या डोळ्यांसमोर तो चालणारा घोडा होता, असं माझं ठाम मत आहे. काही जाणकार ही चाल बुद्धिबळातली मानतात. मला ते अजिबात पटत नाही. बुद्धिबळात चाल खेळाडू स्वतः खेळतो, ती त्याला ‘मिळत’ नाही, आणि समोर कुणी नसेल तर तिथे चालीला अर्थच उरत नाही. ‘चाल करून जाणे’शी नातं जोडणाऱ्यांनी तर सांगावं की शत्रूच गैरहजर असताना हल्ला कुणावर करायचा?

बायचं कूळ निराळं. तिचा गुडबायशी काडीचाही संबंध नाही; गुडबाय हे ‘देव तुमच्याबरोबर असो’ या इंग्रजी वाक्याचं झिजलेलं रूप आहे. आपली बाय म्हणजे बाजूचं, मुख्य ओळीबाहेरचं. कोंबड्यांच्या झुंजींत ठरलेल्या जोड्यांच्या मुख्य झुंजींना ‘मेन’ म्हणत आणि त्यात न बसणाऱ्या कोंबड्यांच्या झुंजींना ‘बाय’. क्रिकेटमधली बायची धावही तीच, बॅटच्या हिशेबाबाहेरची.

क्वीन्स पार्कचं प्रकरण यामुळेच बारकाईने पाहायला हवं. पहिल्या फेरीत त्यांची गाठ लिंकनशायरमधल्या डॉनिंग्टन स्कूलशी पडली. एवढ्या लांबच्या अंतरामुळे सामन्याचं जमेना, म्हणून दोघांनाही पुढे काढलं. दप्तरी याला बाय म्हणतात आणि ते मला चुकीचं वाटतं, कारण जोडी लागलेली होती. दुसऱ्या फेरीत पुन्हा तीच जोडी लागली आणि डॉनिंग्टनने माघार घेतली. ही अस्सल पुढे चाल. आधीच्या फेरीत क्रिस्टल पॅलेस आणि हिचिन यांनाही बरोबरीनंतर दोघांनाही पुढे सोडलं होतं, म्हणून दुसऱ्या फेरीला आठांऐवजी दहा क्लब आले, तिसरीला पाच. पाचांत एक उरणारच. उरला क्वीन्स पार्क आणि त्याला मिळाली खरी बाय.

उपांत्य सामना लंडनला, ओव्हल मैदानावर. वाँडरर्सशी ०-० बरोबरी झाली. ज्या क्लबाने चषकाच्या खरेदीसाठी आपल्या तुटपुंज्या गंगाजळीतून एक गिनी (जुनं इंग्रजी चलन) दिली होती, त्याच्याकडे फेरसामन्यासाठी लंडनला थांबायला पैसे नव्हते. म्हणजे पुन्हा पुढे चाल, या वेळी वाँडरर्सना.

वाँडरर्सचा प्रवास तर याहून नवलाचा. पहिल्या फेरीत चेकर्सची माघार, मग क्लॅपहॅम रोव्हर्सवर विजय, मग क्रिस्टल पॅलेसशी बरोबरी होऊन दोघेही पुढे, मग क्वीन्स पार्कची माघार. प्रत्यक्ष खेळून जिंकलेला एकच सामना आणि थेट अंतिम फेरी! १६ मार्च १८७२ रोजी त्यांनी रॉयल इंजिनिअर्सना १-० हरवलं. गोल मॉर्टन पीटो बेट्सचा, पण तो खेळला ‘ए. एच. चेकर’ या नावाने. म्हणजे ‘अ हॅरो चेकर’, हॅरो चेकर्सपैकी एक. ज्या क्लबाने वाँडरर्सना पहिल्या फेरीत पुढे चाल दिली, त्याच क्लबाचा हा माणूस.