किनाऱ्याचे व्हिडिओ पाहणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

शिडाच्या होडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या हौशी माणसांच्या व्हिडिओंबद्दल तू मत विचारलंस. धुळे-जळगावात राहून हे वेड लागलंय, याचा मला मनापासून आनंद आहे. माझी कसोटी एकच: तो माणूस आकडे सांगतो का? खोली किती, वारा किती नॉट (ताशी किती सागरी मैल), भरती किती वाजता, नांगराची साखळी किती सोडली. हे सांगणारा, मग त्याचं चित्रीकरण साधं का असेना, तुझ्या कामाचा.

नांगर टाकतानाचा भाग थांबवून थांबवून बघ. समजा, ओहोटीला खोली ३ मीटर आहे आणि होडीचं नाक पाण्यापासून १ मीटर वर. दोन्ही मिळून ४ मीटर, त्याच्या पाचपट म्हणून त्याने २० मीटर साखळी सोडली. आता भरतीला पाणी ३.६ मीटर चढलं की उंची होते ७.६ मीटर आणि तीच साखळी जेमतेम अडीचपट उरते. ओढ वरच्या दिशेने बसते, नांगराचा दांडा उचलला जातो, फाळ चिखलातून सुटतो आणि होडी रात्रीतून सरकते. हिशोब भरतीच्या खोलीवरच करायचा, म्हणजे ७.६ च्या पाचपट, ३८ मीटर. साखळी होडी मागे सरकत असताना सोडायची, एका जागी ढीग करायचा नाही. मग इंजिन हळूहळू उलटं चालवून नांगर रुतलाय का ते बघायचं आणि किनाऱ्यावरच्या एकामागे एक असलेल्या दोन खुणा, माड आणि मागचं देऊळ म्हण, जुळलेल्या राहतात का यावर नजर ठेवायची. बहुतेक जण नेमका हाच भाग कापतात, त्याचं फार वाईट वाटतं.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांचे साधारण बारा वाटे धर: १, २, ३, ३, २, १. वरच्या उदाहरणात पहिल्या तासात ३० सेंटिमीटर, तिसऱ्यात ९०. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सर्वात मोठा चढउतार; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वात कमी. तेव्हा व्हिडिओ पाहताना तिथीही काढ. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असेल तर शहाणा माणूस भरती चढत असतानाच आत शिरतो: रुतलाच तर पाणी उचलून देतं. ओहोटीचा ओघ बाहेर आणि वारा आत, अशा वेळी त्याच दांड्यावर लाटा फुटतात.

वरचे कोकणातले आकडे आपल्या तापीच्या मुखाशी मात्र लावू नकोस. तापी ज्या खंबातच्या आखाताला मिळते तिथे, भावनगरकडे, चढउतार १० मीटरच्या घरात जातो आणि प्रवाह त्या मानाने जोराचे.

कॅमेऱ्यात लाटा चपट्या दिसतात, म्हणून शीड बघ. वारा १० वरून १४ नॉट झाला की शिडावरचा जोर जवळपास दुप्पट होतो. होडी कलंडू लागल्यावर शीड आखडणारा, म्हणजे गुंडाळून लहान करणारा, उशीर करतोय. आधी आखडणाऱ्याकडून शीक. लाइफ जॅकेट न घालता एकटाच पुढच्या डेकवर जाणाऱ्याचा व्हिडिओ मी तरी कुणाला सुचवणार नाही.

तोवर हतनूर धरणाच्या काठावर जाऊन वारा वाचायला लाग. पाण्यावर काळसर पट्टा सरकत येतो ती झुळूक. ती काठाशी कधी पोचेल ते आधी मनात ठरव, मग घड्याळ बघ. दोन मीटर दोर घेऊन बोलाइनची गाठ (न सरकणाऱ्या फासाची) डोळे मिटूनही जमेपर्यंत बांध. आणि पुढच्या व्हिडिओचा दिवस व ठिकाण कळलं, तर त्या बंदराचं भरतीचं कोष्टक काढून त्याने सोडलेली साखळी पुरेशी होती का, ते मला लिहून कळव.

तुझा,
दर्यावरचा मित्र