वाचकांचे प्रश्न : वैद्यकीय महाविद्यालय निवडताना

प्रश्न : मी बार्शीची विद्यार्थिनी आहे. यंदा नीट दिली असून राज्य कोट्यातून शासकीय महाविद्यालय मिळेल एवढे गुण आहेत, असे क्लासचे सर सांगतात. आई-बाबांना धाराशिवचे नवे महाविद्यालय घराजवळचे म्हणून बरे वाटते. मामांचे म्हणणे असे की, पुण्याचे बी. जे. मिळण्याची शक्यता कमी असल्यामुळे ते यादीत वर लिहून पहिली पसंती वाया घालवू नये; शिवाय धाराशिव मराठवाड्यात असल्याने तिथे आपल्याला जागा कमी. मला स्वतःला सोलापूरचे महाविद्यालय जवळचे वाटते, परंतु सिव्हिलमधील गर्दी पाहिली की तिथे शिकवायला कोणाला वेळ मिळत असेल, अशी भीती वाटते. यादी कशी लावू?

उत्तर : मामांचा सल्ला आपुलकीपोटी दिलेला आहे, पण जागावाटपाच्या पद्धतीशी तो जुळत नाही. वाटप करताना विद्यार्थी गुणवत्ताक्रमाने घेतले जातात आणि प्रत्येकाची यादी वरून खाली पाहिली जाते. तुझा क्रमांक आला की पहिल्या पसंतीच्या महाविद्यालयात तुला लागू असलेली जागा शिल्लक आहे का, हे तपासले जाते. नसेल तर दुसरी पसंती पाहतात, मग तिसरी. वरची पसंती मिळाली नाही म्हणून खालच्या पसंतीवरचा तुझा हक्क तसूभरही कमी होत नाही, कारण तुझ्यापेक्षा कमी गुणांच्या विद्यार्थ्याने सोलापूर पहिले लिहिले असले तरी त्याचा विचार तुझ्यानंतरच होतो. म्हणून बी. जे. मनापासून हवे असेल तर ते निःशंकपणे पहिले लिही. गेल्या वर्षीचा कट-ऑफ पाहून काय मिळू शकेल याचा अंदाज अवश्य बांधावा, पण यादीचा क्रम मात्र आपल्या खऱ्या इच्छेचाच असावा. पथ्य एकच आहे : जिथे कोणत्याही परिस्थितीत जाणार नाही ते महाविद्यालय यादीत कुठेही लिहू नये. मिळालेली जागा नाकारण्याचे परिणाम फेरीनुसार वेगवेगळे असतात आणि ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असतात. ती पुस्तिका क्लासच्या सरांनी वाचली आहे यावर न थांबता तू स्वतः वाच.

मराठवाड्याविषयीची मामांची माहिती एके काळी खरी होती. राज्य कोट्यातील ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी आणि ३० टक्के जागा संपूर्ण राज्यासाठी, अशी विभागणी पूर्वी होती, आणि बार्शी व धाराशिव शेजारी असूनही त्या हिशेबात दोन वेगळ्या विभागांत मोडत असत. ही पद्धत राज्य शासनाने २०२० मध्ये रद्द केली. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात; उरलेल्या ८५ टक्के जागांवर महाराष्ट्रातील सर्व विद्यार्थी आपापल्या प्रवर्गानुसार एकाच गुणवत्ता यादीतून येतात.

आता गर्दीविषयी, कारण तुझ्या पत्रातील खरा प्रश्न मला हाच वाटतो. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये सुरू झाले. त्याला जोडलेल्या, ज्याला आपण सगळे सिव्हिल म्हणतो त्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात सोलापूर जिल्ह्यातील सर्व तालुक्यांबरोबर धाराशिव, विजयपूर, कलबुर्गी भागातूनही रुग्ण येतात. एकाच वॉर्डात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारे रुग्ण शेजारी शेजारी असतात. ज्या विद्यार्थ्याला या सगळ्यांशी बोलून, नेमके काय दुखते, कधीपासून दुखते, घरी आणखी कोणाला असा त्रास आहे, हे काढून घेता येऊ लागते, तो आजार ओळखण्याच्या कामात पुष्कळ पुढे गेलेला असतो. पुस्तकात वाचलेली कावीळ आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांत दिसलेली कावीळ यांत फार अंतर आहे, आणि साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम व त्यानंतरची एक वर्षाची इंटर्नशिप या काळात ते अंतर कापायचे असेल तर भरलेले रुग्णालय लागते. देखणी इमारत, वातानुकूलित वर्ग किंवा प्रशस्त क्रीडांगण असूनही खाटा रिकाम्या असतील, तर तिथून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरचा हात कच्चा राहतो. म्हणून महाविद्यालय पाहायला जाशील तेव्हा आधी रुग्णालय पाहा, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला आग्रहाने सांगतो. सकाळी दहाच्या सुमारास बाह्यरुग्ण विभागात जाऊन उभी राहा. इंटर्न भेटले तर त्यांना विचार की, प्रसूती त्यांनी स्वतः केल्या की फक्त पाहिल्या, टाके घालायला मिळाले का, आणि राउंडच्या वेळी सर रुग्णाजवळ थांबून शिकवतात की नुसते पुढे जातात.

तुझी भीती निराधार आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. सोलापूरची प्रवेशक्षमता २०० आहे, पुण्याच्या बी. जे.ची २५०. एवढ्या मोठ्या तुकडीत जो मागे उभा राहतो तो मागेच राहतो, आणि कामाचा भार असलेल्या ठिकाणी इंटर्नचा बराचसा वेळ नमुने पोहोचवण्यात आणि कागदपत्रे भरण्यात जातो. शिकवणारे असतात, पण त्यांच्यामागे लागून विचारावे लागते. तुझा स्वभाव फारच बुजरा असेल तर पहिल्या वर्षापासूनच चार-पाच जणींचा गट करून वॉर्डात जाण्याची सवय लाव.

धाराशिवचे शासकीय महाविद्यालय २०२२ मध्ये १०० जागांनिशी सुरू झाले. लहान तुकडीचा लाभ असा की शिक्षक विद्यार्थ्याला नावाने ओळखतात. नव्या महाविद्यालयात अध्यापकांची पदे प्रत्यक्षात किती भरलेली आहेत, मुलींचे वसतिगृह तयार आहे का आणि गुंतागुंतीचे रुग्ण तिथेच उपचार घेतात की दुसरीकडे पाठवले जातात, या गोष्टी मात्र जाऊनच पाहाव्यात. ‘घराजवळ’ या मुद्द्याला मी फार वजन देणार नाही. वर्गातील तासांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिक व वॉर्डच्या कामाला ८० टक्के उपस्थिती सक्तीची असताना बार्शीहून रोज एसटीने ये-जा करणे झेपणारे नाही. वसतिगृहात राहावेच लागेल, आणि एकदा तिथे राहायचे ठरले की धाराशिव काय आणि सोलापूर काय, रविवारी घरी येता येतेच. पुढच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी नीट-पीजी ही सर्वांना सामाईक परीक्षा असल्याने महाविद्यालयाच्या नावाचे वेगळे गुण तिथे मिळत नाहीत, हेही आई-बाबांना सांग. तुझ्या जागी मी बी. जे., सोलापूर, धाराशिव असाच क्रम लावला असता. शासकीय जागेबरोबर पदवीनंतर एक वर्ष शासकीय सेवेचा बाँड येतो. त्याच्या अटी सही करण्यापूर्वी घरातील मोठ्यांसह बसून वाचाव्यात.

प्रश्न : सोलापुरात आमचा यंत्रमागाचा लहानसा व्यवसाय आहे. मुलीला नीटमध्ये शासकीय महाविद्यालय मिळेल एवढे गुण नाहीत. खाजगी महाविद्यालय, अभिमत विद्यापीठ किंवा परदेश असे तीन मार्ग दिसतात. एक एजंट ‘मॅनेजमेंट कोट्यातून थेट सीट’ देतो म्हणतो आणि आगाऊ रक्कम मागतो आहे. काय करावे?

उत्तर : आगाऊ रक्कम देऊ नये, ही विनंती सर्वांत आधी. व्यवस्थापन कोट्याची आणि अनिवासी भारतीयांची जागासुद्धा नीट उत्तीर्ण झाल्याशिवाय आणि अधिकृत प्रवेशप्रक्रियेत नाव आल्याशिवाय मिळत नाही. राज्यातील खाजगी महाविद्यालयांचे प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत (सीईटी सेल) होतात आणि अभिमत विद्यापीठांचे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीमार्फत (एमसीसी). या दोन दारांशिवाय तिसरे दार दाखवणारा माणूस तुमच्या पैशांवर डोळा ठेवून आहे, असेच समजावे.

खाजगी महाविद्यालयाचा विचार करताना, उदाहरणार्थ आपल्याकडील कुंभारीच्या महाविद्यालयाचा, शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या वर्षासाठी ठरवलेला आकडा पाहावा. संस्था स्तरावरील, म्हणजे व्यवस्थापन व अनिवासी भारतीय कोट्याच्या, जागांचे शुल्क त्याहून बरेच अधिक असते. काही अभिमत विद्यापीठांत वर्षाचे शुल्क २० लाखांच्या पुढे जाते. त्याला साडेचार वर्षांनी गुणून त्यात वसतिगृह, खाणावळ आणि कर्जाचे व्याज मिळवले की जो आकडा येतो, तो कुटुंबाने कागदावर लिहून समोर ठेवावा. माग गहाण ठेवून मुलीला शिकवण्याची तुमची तयारी पत्रातून जाणवते आणि तिचा मला आदर वाटतो, पण त्या कर्जाचे ओझे पुढे तिच्याच निर्णयांवर पडते. इथे एक दिलासा आहे. ८ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, इतर मागास वर्ग आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग (एसईबीसी) या प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. तो केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांना लागू होतो. अभिमत विद्यापीठांना आणि संस्था स्तरावरील जागांना होत नाही. तुम्ही या उत्पन्नमर्यादेत बसत असाल तर खाजगी महाविद्यालय आणि अभिमत विद्यापीठ यांतील निवड बहुधा इथेच होऊन जाईल.

परदेशी जायचे तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे नियम आधी पाहावेत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याशिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत व्हायला हवी आणि त्या पदवीवर त्या देशात तेथील नागरिकाप्रमाणेच वैद्यकीय व्यवसायाचा परवाना मिळायला हवा. परत आल्यावर एफएमजीई ही परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठीची ३०० गुणांची परीक्षा किमान १५० गुण मिळवून उत्तीर्ण व्हावी लागते आणि भारतातही इंटर्नशिप करावी लागते. यांपैकी एका अटीचे उत्तर जरी कागदोपत्री मिळाले नाही तरी तो पर्याय सोडून द्यावा.

प्रश्न : मी पंढरपूरचा विद्यार्थी असून ओबीसी प्रवर्गातून अर्ज करणार आहे. कोणती कागदपत्रे आत्ताच काढून ठेवावीत?

उत्तर : जातीचा दाखला बहुतेकांकडे असतो, अडचण जात वैधता प्रमाणपत्राची येते. ते जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून मिळते आणि वडिलांच्या किंवा आजोबांच्या शाळेतील जुन्या नोंदी मिळवण्यात वेळ जातो, म्हणून अर्ज आजच करावा. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा चालू आर्थिक वर्षाचे आहे ना, हे पाहून घ्यावे. अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील वेगळे प्रमाणपत्र लागते, आणि काही जाती राज्याच्या यादीत असून केंद्राच्या यादीत नाहीत. आपली जात दोन्ही याद्यांत आहे का, याची खात्री तहसील कार्यालयात जाण्यापूर्वीच करून घ्यावी.