इंग्रजीचे अवघड शब्द ध्वनिसाम्यावरून लक्षात ठेवणं पोरकटपणाचं आहे का?

तुम्ही लिहिलंय की शिक्षण मराठी माध्यमातून झालं, आता जीआरईची, म्हणजे परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठी लागणाऱ्या परीक्षेची, तयारी चालू आहे, याद्या घोकता पण आठवड्यात पाटी कोरी होते, आणि आवाजावरून क्लृप्त्या केल्या की मित्र हसतात. सोबत डोक्यात न बसणारे पाच शब्दही दिलेत: लोक्वेशस, मेंडेशस, व्हॅसिलेट, एनर्व्हेट आणि ऑब्सीक्विअस. या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना मी इंग्रजी शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे.

पोरकटपणा अजिबात नाही. इंद्रधनुष्याचे रंग तुम्ही 'तानापिहिनिपाजा' म्हणूनच शिकला असणार आणि पदावलीतल्या क्रियांचा क्रम 'कंचेभागुबेव' म्हणून. दोन्ही आजही तोंडपाठ असतील. मग इंग्रजी शब्दांनाच घोकंपट्टीची शिक्षा का?

या क्लृप्तीचा नीट अभ्यासही झालेला आहे. १९७५ मध्ये रिचर्ड ॲटकिन्सन आणि मायकेल रॉ या संशोधकांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्यार्थ्यांना तीन दिवसांत १२० रशियन शब्द शिकवले. एका गटाला प्रत्येक शब्दासाठी तशाच आवाजाचा इंग्रजी शब्द दिला आणि दोन्ही जोडणारं चित्र मनात उभं करायला सांगितलं. 'झ्वनोक' म्हणजे घंटा. त्यातल्या 'ओक'वरून ओकच्या झाडाला लटकलेल्या घंटा. या गटाला चाचणीत ७२ टक्के शब्द आले, असा शब्द न दिलेल्या दुसऱ्या गटाला ४६ टक्के. सहा आठवड्यांनी अचानक पुन्हा चाचणी घेतली तेव्हा आकडे ४३ आणि २८ होते. यातून दोन गोष्टी घ्या. क्लृप्ती उपयोगी पडते. पण क्लृप्तीनं शिकलेलंही उजळणीवाचून उडून जातं.

आता तुमचे शब्द. लोक्वेशस म्हणजे बडबड्या. 'लोक वेशीस' असं म्हणून बघा. गावाची वेस, संध्याकाळ, लोक जमलेत आणि एकाचं बोलणं संपायच्या आत दुसरा सुरू होतोय. मेंडेशस म्हणजे खोटारडा. मेंढ्या आठवा, आणि त्या राखताना 'लांडगा आला रे आला' म्हणून गावाला फसवणारा तो पोरगा. व्हॅसिलेट म्हणजे मन डळमळणं, निर्णय न होणं. इथं वशिला कामाला येतो. बदलीसाठी साहेबांकडे वशिला लावू की नको, लावू की नको करत केबिनच्या दारापाशी येरझाऱ्या घालणारा माणूस डोळ्यांपुढे आणा.

यात येरझाऱ्या सगळ्यात महत्त्वाच्या आहेत. नुसतं 'व्हॅसिलेट म्हणजे वशिला' एवढंच ठेवलंत तर परीक्षेत वशिला आठवेल आणि अर्थ भलताच लागेल. शब्दाचा अर्थ चित्रात घडताना दिसला पाहिजे. मुलांच्या वह्यांत मला अशी पानंच्या पानं दिसतात जिथं आवाज जुळवलाय पण अर्थाचा पत्ता नाही. असं चित्र दोन दिवसही टिकत नाही.

चित्र तुमचं स्वतःचं असू द्या. इंटरनेटवर तयार क्लृप्त्यांचे ढीग आहेत, बहुतेक हिंदीवर बेतलेल्या. ज्यानं त्या जुळवल्या त्याला त्या जुळवताना शब्दाशी झटावं लागलं, म्हणून त्याच्या लक्षात राहिल्या. तुमच्या गावची वेस, तुमच्या ऑफिसातली केबिन, तुमच्या ओळखीचा बडबड्या मामा, हेच तुमच्यासाठी पक्कं.

चौथ्या शब्दाशी मात्र आवाजाची क्लृप्ती फसते. एनर्व्हेट ऐकलं की 'एनर्जी' आठवते आणि अर्थ नेमका उलटा आहे: शक्ती काढून घेणं, गलितगात्र करणं. इथं शब्दाच्या आत शिरावं लागतं. लॅटिनमध्ये 'ए' म्हणजे बाहेर आणि 'नेर्वुस' म्हणजे स्नायू, शीर. स्नायूच काढून घेतले, मग उरलं काय? आणि हे 'नेर्वुस' आपल्या 'स्नायू'चंच दूरचं भावंड आहे.

ही गोष्ट मी प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला आवर्जून सांगतो, कारण आपल्या हातात असलेली संपत्ती बहुतेकांना माहीतच नसते. १७८६ मध्ये विल्यम जोन्स या ब्रिटिश न्यायाधीश आणि भाषाभ्यासकानं कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं असू शकत नाही, त्यांचा उगम एकच असला पाहिजे. इंग्रजीतले भारदस्त शब्द मुख्यतः लॅटिन-ग्रीकमधून आलेत, आपले तत्सम शब्द संस्कृतातून. म्हणजे ज्या शब्दांना तुम्ही घाबरता त्यांच्यातल्या पुष्कळांचे नातेवाईक तुमच्या रोजच्या बोलण्यात आहेत.

सॉम्नोलंट, म्हणजे झोपाळलेला, यातलं 'सॉम्न' आणि आपलं 'स्वप्न' एकाच मुळाचं; निद्रानाशाच्या 'इन्सॉम्निया'तही तेच. मॉरिबंड, म्हणजे मरणपंथाला लागलेला, यातला 'मॉर' म्हणजे 'मृत'मधला 'मृ'. रिजुव्हनेट म्हणजे पुन्हा ताजंतवानं करणं, आत 'युवन्' बसलाय. व्होसिफरस म्हणजे आरडाओरडा करणारा: पहिला भाग 'वाचा', दुसरा 'भार'मधला 'भृ', म्हणजे वाहणं. आवाज लांबवर वाहून नेणारा. मॅग्नॅनिमस म्हणजे उदार मनाचा. 'मॅग्न' म्हणजे 'महा', आणि 'ॲनिम' हे 'प्राण'मध्ये जो श्वासाचा 'अन्' आहे त्याचं नातलग. ॲम्बिडेक्स्ट्रसमध्ये 'उभय' आणि 'दक्षिण' यांचे भाऊबंद आहेत: दोन्ही हात उजव्यासारखे चालणारा. अर्जुनाला आपण सव्यसाची म्हणतो तो याच गुणासाठी. असा एक धागा सापडला की शब्द एकटा येत नाही, त्याची सगळी भावंडं येतात. म्हणून जिथं मूळ सापडतं तिथं मी आवाजाच्या क्लृप्तीआधी मूळच शिकवतो.

फक्त दिसायला सारखं ते सगळं नात्याचं समजू नका. वरच्या लोक्वेशसमधलं 'लोक्व' म्हणजे बोलणं. आपल्या 'लोक'शी त्याचा काही संबंध नाही, तो निव्वळ आवाजाचा खेळ आहे. मूळ सांगणारा चांगला कोश मोबाइलवर असतोच, त्यात एकदा बघून घ्या.

सारखे दिसणारे शब्द हा आणखी एक खड्डा. मेंडेशसच्या शेजारी मेंडिकंट आहे, म्हणजे भिक्षेकरी. दोघांनाही मेंढ्या लावल्या तर परीक्षेत घोटाळा होणारच. अशा वेळी जिथं दोन शब्द वेगळे होतात तिथं चित्र लावायचं. मेंडिकंटमधला 'कंट' घ्या, त्याचा 'कंठ' करा, आणि पहाटे दारोदार गोड गळ्यानं गात दान मागणारा वासुदेव उभा करा. त्याच कारणानं एकाच अर्थाचे दहा नवे शब्द एका बैठकीत शिकू नका. 'बडबड्या'चे सगळे प्रतिशब्द एकदम पाठ केले की ते एकमेकांत मिसळतात. एक पक्का झाल्यावर दुसरा घ्या.

उजळणीसाठी जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली डब्यांची पद्धत पुरेशी आहे. कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. आठवला की कार्ड पुढच्या डब्यात, तो डबा उशिरा उघडायचा. नाही आठवला की परत पहिल्या डब्यात. अँकी हे ॲप असंच अंतर वाढवत नेतं आणि अँड्रॉइडवर ते फुकट आहे. मात्र कार्ड उलटायच्या आधी स्वतः आठवायचा प्रयत्न कराच. उलटून वाचत बसलात तर ती यादी घोकण्यासारखीच गत.

कार्डावर अर्थाबरोबर एक पूर्ण वाक्य लिहा. जीआरईतून विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न २०११ मध्येच गेले. आता शब्द परिच्छेदात किंवा वाक्यात बसवायचा असतो, त्यामुळे शब्दाची छटा माहीत नसेल तर अर्थ ठाऊक असूनही गुण जातात. एनर्व्हेटसाठी तुमच्याच उन्हाळ्यातलं वाक्य करा: चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या उन्हानं आम्ही सगळे कसे झालो होतो, ते इंग्रजीत लिहा. वाक्य चार वेळा वापरलं की चित्र आपोआप मागे पडतं आणि शब्द सरळ आठवू लागतो.

राहिला ऑब्सीक्विअस, म्हणजे लाळघोट्या, हांजी हांजी करणारा. याचं मूळ 'सेक्वी', म्हणजे मागून जाणं; सीक्वेल आणि सीक्वेन्स त्यातूनच आले. संस्कृतातला 'सच्', सोबत असणं, हा त्याचाच नातलग, आणि त्यावरून आपला 'सचिव'. मंत्र्यामागे फाईल घेऊन चालणारा सचिव जर प्रत्येक वाक्याला मान डोलवू लागला तर तो ऑब्सीक्विअस. लॅटिननं अशा माणसाला मागेमागे चालवलंय, मराठीत तो पुढेपुढे करतो. ही उलटापालट कार्डावर लिहून ठेवा.